कुकाऱ्याला उत्तर

प्रिय नलू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील आणि मग चिडली असशील. ही बया फोन का करत नाही, हिची तासन्‌तास बोलायची खोड कुठं गेली, असं पुटपुटत तू चष्मा शोधला असशील. फोन न करण्याला कारण आहे. ते सांगते, पण आधी दुसरं ऐक. माझं डोकं चालेनासं झालंय. आयुष्यभर व्यासपीठावर उभं राहून लोकांना हे बरोबर, ते चूक असं बोट उगारून सांगणारी मी, एक घर घ्यावं की घेऊ नये एवढं ठरवू शकत नाहीय. बोर्ली पंचतनच्या पुढं, खाडीच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. त्यात मधली पाखाडी नावाची वस्ती आहे, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि मधून बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. त्या वाटेवर एक घर विकायचं आहे. कौलारू, पुढं पडवी, मागं सुपारीची वाडी. मला ते हवंय. आणि ते मला मिळू नये असंही मलाच वाटतंय. हसू नकोस, पुढं वाच.

पनवेलचा माझा फ्लॅट तू पाहिला आहेस. समोरच्या दाराआड कोण राहतं ते मला अजून माहीत नाही. त्यांचा कुत्रा तेवढा मला ओळखतो. खाली वॉचमन, त्याच्या हातात इंटरकॉम, आणि कोणीही आलं की आपण वरून ओरडून सांगायचं, हो, सोडा वर. दुसरीकडे जायचं म्हटलं तर जायचं कुठं? पेणजवळचं आमचं गाव तुझ्या डोळ्यांसमोर असेल ते भाताच्या खाचरांचं. आता तिथं गोदामं आहेत. मागच्या वर्षी गेले होते तर आमच्या घराच्या जागी ट्रकांचा वजनकाटा. मी त्यावर उभी राहून बघितलं, काट्यावर बसलेला माणूस म्हणाला, आजी बाजूला व्हा, गाडी येतेय. आपल्याच ओटीवरून हाकलून लावतात ते असं. तेव्हापासून मनात होतं की जमिनीवरचं एक घर बघायचं, ज्याच्या दारासमोरून माणसं चालत जातात. माझा भाचा रितेश, माझ्याच सोसायटीत राहतो, त्याला सांगितलं तर त्यानं तीन प्रश्न विचारले. मावशी, रीसेल व्हॅल्यू काय? नेटवर्क येतं का? हॉस्पिटल किती लांब? पहिल्या दोन प्रश्नांवर मी त्याला असं झापलं की त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिसरा ऐकून मी चपला घातल्या आणि घरी आले.

या घराचं कळलं केसरबाईंकडून. आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, लांब वेणीच्या, त्याच. हे घर त्यांच्या थोरल्या भावाचं. सगळा गाव त्यांना भाऊच म्हणतो, खरं नाव मला अजून कळलेलं नाही. भाऊंची बायको गेली, वाडी बघणं आता झेपत नाही, म्हणून लेक त्यांना नाशिकला नेणार आहे. घर कुलूपबंद ठेवायला त्यांचा जीव होत नाही. किमतीचं आमचं दोन वाक्यांत जुळलं, तो प्रश्नच नाही. मी म्हटलं, येऊन बघून जाते. तर फोनवर बारीक, पिचलेल्या आवाजात म्हणाले, घर तासात बघून होईल हो बाई, पाखाडी बघायची तर राहा. पडवीतली खोली मोकळी आहे. म्हणून गणपती आटोपल्यावर गेले आणि राहिले.

बोर्लीच्या स्टँडवरून धर्मा नावाच्या माणसाच्या रिक्षात बसले. त्यानं आरशातून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, घर बघायला काय? मी हो म्हटल्यावर म्हणाला, मधली पाखाडी म्हंजे एक नंबर, मानसं देवावानी, पन... आणि गप्प. मी म्हटलं, पण काय? म्हणाला, पन काय न्हाय, तुमी बघालच. नलू, त्या चार-पाच दिवसांत हा 'पण' मला सगळीकडे भेटला. पाणी गोड आहे, पण मे महिन्यात जरा खारट लागतं. भाऊंचं घर भक्कम, पण खाडीकडची खोली उधाणाला ओल धरते. शेजार चांगला, पण कान फार लांब. डॉक्टर बोर्लीला आहे, पण मोठं काही असलं तर पुढं जावं लागतं. प्रत्येक जण अर्धं वाक्य माझ्या ओटीत टाकायचा आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या घरी घेऊन जायचा. अर्धी वाक्यं मला कधी आवडली नाहीत हे तुला माहीत आहे.

मला वाटायचं, वस्ती ओळखायची कला मला येते. इतक्या गावांत बोलले. सभेला पुढं कोण बसलंय, बायका कुठं उभ्या आहेत, पाण्याचा तांब्या कोण आणून देतो, एवढ्यावरून मी गाव सांगायची. त्यावर वाचलंही कमी नाही. पण ते सगळं बोलायला गेलेल्या माणसाचं ज्ञान. राहायला जाणाऱ्याला त्यातलं काही उपयोगी पडत नाही. तिथं प्रत्येक गोष्ट मला दोनदा वाचावी लागली आणि दोन्ही वेळा वेगळी लागली. दुपारी पाखाडीतून चालले तर निम्म्या घरांना कुलपं. मनात आलं, किती शांत! पुढच्या पावलाला आलं, ही शांतता आहे की गाव संपत चाललंय? टोकाला एक होमस्टे झालाय. शनिवारी तिथं मुंबईची पोरं आली आणि कर्णा सुरू. शेजारची जनी पदर खोचून, शिव्या देत निघाली. मी म्हटलं, वा, ही खरी वस्ती, अन्यायाविरुद्ध उभी राहणारी! थोड्या वेळानं कर्णा बंद झाला नाही, थोडा हळू झाला, आणि जनी परत आली ती दुसऱ्या दिवशीच्या उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेऊन. मला विचारते, बाय, नारळ खवून देशील काय? आता सांग, ही वस्ती चांगली की वाईट? मी रागावायचं की नारळ खवायचा? मी नारळ खवला.

जनीबद्दल सांगायलाच हवं. भाऊंच्या आणि तिच्या घरांच्या मध्ये कमरेएवढा गडगा आहे, आणि तो केवळ कोपर टेकायला बांधला असावा असं तिच्याकडे बघून वाटतं. मी पिशवी खाली ठेवत नाही तोवर ती गडग्यावर हजर. कुनाची तू? पेणची. पेन सांगू नको, मानूस सांग. सांगितलं. नवरा? नाही. मेला की केलाच न्हाय? केला नाही. बरं झालं, म्हणाली, धुन्याचं वाचलं. मग पिशवीकडे बघून, एवढी पुस्तकं? शाळा घालनार हायस काय? मग ती मूळ प्रश्नाकडे आली. हितं ऱ्हायला येनार, की नुस्ती येनार? मी विचारलं, दोन्हींत फरक काय? म्हणाली, नुस्ते येतात ते शुक्रवारी फोन करतात, जनीताय पंखा लावून ठेव. ऱ्हायला आलेलं मानूस फोन करत न्हाय, गडग्यावरून वरडतं. नलू, बाईच्या खाजगीपणावर मी किती व्याख्यानं दिली! कोणी माझ्या पिशवीत असं डोकावलं असतं तर एरवी मी सभा सोडून गेले असते. इथं मात्र रागाच्या मागून दुसरंच काहीतरी येत होतं. वाटत होतं, जी एवढं विचारते, तिला दार उघडलं नाही तर कळेल.

तिसऱ्या दिवशी मी भाऊंच्या मागीलदारी बसले होते. जनी गडग्यापलीकडे नारळाच्या झावळ्यांचे हीर काढत होती, झाडूसाठी. हातात चाकू, तोंडाला विसावा नाही. एकदम म्हणाली, तुला सांगून ठेवते, भाऊनं दिलं तरी पाखाडी देनार न्हाय. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, आमचा नेम हाय. वादळानंतर बोर्लीला एक बाई आल्ती भाषनाला. काय बोलली ती! आमच्या पोफळी आडव्या, कौलं उडालेली, आन एजंट लोक गाड्या घेऊन दारात, की द्या वाडी, द्या वाडी. ती उभी ऱ्हायली आन म्हनाली, पडलेली पोफळ पुन्हा लावता येते, विकलेली वाडी पुन्हा लावता येत नाही. मागं एजंट उबे व्हते ते गाडीत बसून गेले. जनीनं ते वाक्य माझ्या शुद्ध भाषेत म्हटलं, माझ्या जागी थांबून, माझ्यासारखा हात वर करून. हातात चाकू होता एवढाच फरक.

ती बाई मी, नलू. तू त्या दिवशी व्यासपीठावर माझ्या शेजारी बसली होतीस. तुला ते वाक्य आठवत असेल. त्याच्या पुढचंही आठवतं का बघ. टाळ्या थांबेनात म्हणून मी आणखी चढले आणि म्हणाले, उद्या कोणी बाहेरचा आला तर त्याला देवळात उभं करा! सगळ्यांसमोर त्याला स्वतःच्या तोंडानं सांगू द्या, की तू इथं का येतोस! पोटातलं ओठावर येतं का ते बघा! हे मी घरून ठरवून नेलेलं नव्हतं. भाषणात असं काही सुचतं, माणूस बोलून जातो, लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन जेवतात. सगळीकडचे लोक असंच करतात. मधल्या पाखाडीनं घरी जाऊन त्याचा नियम केला. तेव्हापासून तिथं घर विकायचं तर गावदेवीच्या सभामंडपात सगळ्यांनी बसायचं, घेणाऱ्यानं उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं, दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं चालत नाही, आणि मग पाखाडीनं हो किंवा नाही म्हणायचं. आजवर दोघे उभे राहिले. एक जण निसर्ग, शांतता, गुंतवणूक असं बोलला, त्याला चहा पाजून बोर्लीला सोडून आले. दुसरा बोलता बोलता रडला. मी जनीला विचारलं, मग त्याला दिलंत? छे, म्हणाली, एवढा रडनारा मानूस बाजूला कोन घेनार?

तिनं मला ओळखलं नाही. सभेत ती पार मागं होती, तिला दिसली ती फक्त एक पांढरी साडी. ओळखायचं तर आवाजावरून. आणि ती स्वतःच म्हणाली, त्या बाईचा आवाज कसा व्हता म्हायतेय? माडावरचा नारळ पडंल असा. तुझा बघ, टोप घासल्यावानी. गरम पानी पी. मी गरम पाणी प्यायले. 'ती बाई मी' हे तीन शब्द तोंडाशी आले होते, पण सांगितले नाहीत. का नाही सांगितले, तेही मला नीट कळत नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी मला नुसत्या मानानं घर देऊन टाकलं असतं. मग त्या नियमाला काय अर्थ राहिला? ज्यांनी माझा शब्द माझ्यापेक्षा जास्त पाळला, त्यांच्याकडे मी सवलत मागायची? भाऊंना मी कोण ते केसरबाईंकडून माहीत आहे. त्यांनीही कोणाला सांगितलेलं नाही. मला एवढंच म्हणाले, नियम तुमचा आहे बाई, आता तुम्हीच त्यातून जा.

मी त्या दिवशी चुकीचं बोलले असते तर किती सोपं झालं असतं! सरळ माफी मागितली असती आणि घर मागितलं असतं. पण नलू, मी बरोबर होते. भाऊंच्या वाडीत वादळानंतर लावलेल्या पोफळींना आता सुपारीची शिपुटं धरायला लागलीत. भाऊ प्रत्येक झाडाला हात लावून दाखवत होते. शेजारच्या गावात ज्यांनी तेव्हा वाड्या दिल्या, त्यातला एक जण स्वतःच्याच वाडीत आता दुसऱ्याचं गवत कापतो आणि शनिवारी फाटक उघडतो. ते बघितल्यावर मला ते भाषण पुन्हा द्यावंसं वाटलं, अधिक जोरात. आणि त्याच वाडीच्या बांधावर उभी राहून मी मनात हिशेब करत होते की पुस्तकांचं कपाट पडवीत बसेल की माजघरात. माझ्यासारख्या बाईला या पाखाडीनं घर देऊ नये असं जर कोणी सभेत बोललं, तर सगळ्यात आधी टाळी मी वाजवीन.

त्या सभेवरून परत येताना जीपमध्ये तू काय म्हणालीस ते मला इतक्या वर्षांनी आठवलं. तू म्हणालीस, अनू, बाहेरचा म्हणजे कोण ते सांगितलंच नाहीस. लग्न करून आलेली प्रत्येक बाई बाहेरचीच की. मी तुला म्हटलं होतं, वकिली पालीच्या कोर्टात कर, माझ्यापुढं नको. आता ते वाक्य मला झोपू देत नाही. जनी म्हसळ्याकडून आली. भाऊंच्या आजोबांचे वडील गलबतातून इथं उतरले असं भाऊच सांगतात, कुठून ते त्यांनाही माहीत नाही. मग मी स्वतःशीच वाद घालते. जनी आली ती हात घेऊन आली, तिनं शेण काढलं, भात लावलं, पोफळी लावल्या. मी काय घेऊन जाणार? पुस्तकांची खोकी आणि न बदलणारी मतं. लगेच दुसरी बाजू उठते, की मग म्हाताऱ्या माणसानं कुठं राहायचंच नाही का? ज्याचं गाव वजनकाट्याखाली गेलं तो सगळ्या जगाला बाहेरचा का? दोन्ही बाजू मीच बोलते, दोन्ही बाजूंना मलाच टाळ्या पडतात, आणि निकाल द्यायला कोणी नाही.

अजून एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय तुला हे घर कळणार नाही. संध्याकाळी दिवे लागले की त्या पाखाडीत कुकारा देतात. पहिल्या संध्याकाळी मी दचकलेच. वरच्या टोकाच्या घरातून कोणीतरी लांब 'कूऽऽ' केलं, मग त्याच्या खालच्या घरातून, मग त्याच्या खालच्या, असं करत तो आवाज वाड्यांमधून खाडीपर्यंत उतरत गेला. पूर्वी पोफळीच्या दाटीत कामाला गेलेले सगळे परत आले की नाही ते बघायला करायचे म्हणे. आता निम्मी घरं म्हाताऱ्यांची आहेत, तर कोण उठून दिवा लावू शकला ते त्यातून कळतं. जनीचा कुकारा असा की समुद्रातल्या होडीनं वळावं. तिच्यानंतर पाळी भाऊंची. आणि भाऊंना तर आवाजच नाही, बोलतात ते कानाशी. मी बघत राहिले. भाऊ उठले, पडवीच्या वाशाला टांगलेला पत्र्याचा डबा होता, वाडीतली वानरं हाकलायला वाजवतात तसला, त्यावर त्यांनी काठीनं दोन ठोके दिले. ठण्‌, ठण्‌. आणि लगेच त्यांच्या खालच्या घरातून 'कूऽऽ', पुढं सुरू. कोणी थांबलं नाही, कोणी हसलं नाही. भाऊ काठी ठेवून पुन्हा पाटावर बसले आणि मला म्हणाले, चहा घेणार ना? मी उठून मागीलदारी विहिरीपाशी गेले. परत आले तेव्हा चहा गार झाला होता.

मग मनानं लगेच उलटी बाजू काढली. हे म्हणजे रोज हजेरी देणं. एकदा म्हणे भाऊ डबा वाजवायला विसरले तर सगळी पाखाडी बॅटऱ्या घेऊन अंगणात, आणि ते आपले न्हाणीघरात! जनी त्यांना आठवडाभर बोलत होती. मला हे चालेल? जन्मभर मी कोणाला विचारून घराबाहेर पडले नाही आणि सांगून परत आले नाही. एकटं राहण्याच्या हक्कावर मी भांडले आहे, घरच्यांशी, संस्थेच्या लोकांशी, तुझ्याशीसुद्धा. आता या वयात रोज संध्याकाळी सांगायचं, की मी आहे हो, आहे? दिवसा मला वाटतं, ही कैद आहे. दिवे लागले की वाटतं, याच्याशिवाय दुसरं काही नको. तिथून निघताना मी भाऊंना हो म्हटलं आणि एसटीत बसल्यावर वाटलं, नाही म्हणायला हवं होतं. माणगावपर्यंत मी तीनदा मत बदललं. माझ्या शत्रूंना हे सांगू नकोस.

आता फोनचं. माझा घसा गेले काही महिने बसलेला आहे, ते तू ऐकत होतीस आणि मी सर्दी म्हणत होते. सर्दी नाही. स्वरयंत्रावर गाठ आहे, वाईट आहे, आणि ते स्वरयंत्रच काढायचं ठरलंय, दिवाळीच्या आधी. डॉक्टर म्हणाले, जीव राहील, आवाज राहणार नाही. मी विचारलं, थोडा? म्हणाले, नाही. तोवर कमी बोला. हे मला तुला फोनवर सांगता आलं नसतं, मी पहिल्या शब्दाला फुटले असते आणि तू पालीहून रिक्षा करून आली असतीस. म्हणून पत्र. आता सगळी पत्रंच येतील, सवय कर. आणि पाखाडीची सभा आहे भाऊबीजेनंतरच्या रविवारी, कारण मुंबईला असलेली पाखाडीची माणसं तेव्हाच घरी असतात. आधी घेता येत नाही आणि डॉक्टर तारीख पुढं ढकलू देत नाहीत. म्हणजे सभामंडपात उभं राहून, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं सांगायचं, हा नियम ज्या बाईनं केला, तिच्यापाशी त्या दिवशी सांगायला तोंडच नसेल. म्हणून हे पत्र लिहितेय, नलू. मी तिथं उभी राहीन, पण माझ्या शेजारी तू उभी राहा. आधी त्यांना विचार, की मुक्या माणसासाठी दुसऱ्यानं बोललेलं चालेल का. नाही म्हणाले तर आपण दोघी चहा पिऊन परत येऊ. हो म्हणाले तर त्या भाषणाच्या विरुद्ध बोल, जीपमध्ये जे मी तुला पुरं करू दिलं नाही ते. बाहेरचा म्हणजे कोण, ते मधल्या पाखाडीला विचार. अलिबागच्या वक्तृत्व स्पर्धेत मला हरवणारी तू एकटीच होतीस, आणि मला यावेळी हरायचं आहे की जिंकायचं, ते खरोखर कळत नाही. तू नीट बोललीस आणि तरी त्यांनी नाही म्हटलं, तर समज की तुझ्या मैत्रिणीचं भाषण टिकलं. ती बाई मी, हे सांगायचं की नाही ते तूच ठरव, वकील तू आहेस. एवढंच सांगते, की निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊ देवळात गेले होते आणि घरात मी एकटीच होते. दिवे लागले, वरून कुकारा उतरत आला, जनीचा झाला, आणि पुढं सगळं आमच्या घराशी थांबलं. मी काठी घेतली आणि डब्यावर दोन ठोके दिले, भाऊंसारखेच. खालच्या घराचा कुकारा आलाच नाही. मग गडग्यापलीकडून जनी ओरडली, ह्यो हात भाऊचा न्हाय, पेनवाली हायस काय गं? मी पुन्हा दोन ठोके दिले. तेव्हा ती म्हणाली, व्हय व्हय, कळलं, आणि खाली खाडीकडे तोंड करून स्वतःच मोठ्यानं सांगितलं, हाय रे, हाय ती!

तुझीच,
अनू

भाऊ सगळं सामान नाशिकला नेणार आहेत. घर मिळो न मिळो, तो डबा तेवढा वाशालाच राहू द्या असं मी त्यांना सांगून आले आहे.